अमेरिकेत ओपीटी बंद करायचं बिल आलंय म्हणे, पोराला एमएसला पाठवू का थांबवू?

मिरजकर७२

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्याला फॉल २०२६ साठी टेक्सासच्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत एमएस कॉम्प्युटर सायन्सचा ॲडमिट आलाय. सगळा हिशेब धरून ४५ लाखाच्या घरात जातंय, बँकेने राहतं घर तारण ठेवून लोन द्यायची तयारी दाखवलीय, कागदपत्रं जवळपास झालीत.

आता गेले आठ दिवस भावकीच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडतायत. अमेरिकेच्या संसदेत ओपीटी, म्हणजे शिक्षण झाल्यावर तिकडं काही काळ नोकरी करायची परवानगी, बंद करायचं बिल आलं, दुसरं बिल आलं की ओपीटीवाल्यांच्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापणार, तिसरं की युनिव्हर्सिट्यांवरच मोठा कर लावलाय त्यामुळे त्या बाहेरची पोरं कमी घेणार, आणि वरून घरी पैसे पाठवले तरी त्यावर टॅक्स. मेव्हणा म्हणतो घर घालवायला निघालायस का. पोरगं म्हणतं पप्पा हे सगळं नुसतं बिल आहे, कायदा नाही. मला ह्यातला फरकच कळंना झालाय, आपल्याकडे तर बिल आलं की दोन दिवसांत आवाजी मतदानाने पास होतं, तिकडं वेगळं असतं का काही? ज्यांची पोरं तिकडं आहेत किंवा जे स्वतः तिकडं आहेत त्यांनी जरा नीट सांगा, एजंटवर माझा विश्वास नाही, तो पाठवायचंच सांगणार.

एडिसनवाले_काका

मिरजकर साहेब, तुमचा मुलगा बरोबर बोलतोय, पण निम्मंच. आधी बिलाचं सांगतो.

इथे खासदाराला वाटलं की तो बिल टाकतो. हाऊसचं, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचं असेल तर त्याला एच.आर. नंबर मिळतो, सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं असेल तर नुसता एस. मग ते कमिटीकडे जातं आणि बहुतेक बिलं तिथेच बसून राहतात, त्यावर चर्चासुद्धा होत नाही. मागच्या टर्ममध्ये म्हणजे २०२३-२४ ला दोन्ही सभागृहांत मिळून पंधरा हजारांवर बिलं आली आणि कायदे झाले पावणेतीनशेच्या आत. दोन वर्षांची टर्म संपली की पडून राहिलेली सगळी बिलं आपोआप बाद, पुढच्या टर्मला पुन्हा नव्याने मांडायची.

तुमच्या ग्रुपवर जे फिरतंय ते बहुतेक ॲरिझोनाचे खासदार पॉल गोसार यांचं बिल. ओपीटी पूर्ण बंद करा असं ते म्हणतं. मार्च २०२५ मध्ये मांडलंय, आणि साहेब, हेच बिल त्यांनी २०१९ लाही मांडलं होतं. तेव्हापासून अधूनमधून येतंच आहे, मतदानापर्यंत गेलेलं नाही. पण मांडलं की बातमी होते, बातमी झाली की यूट्यूबवर लाल बाणवाला थंबनेल, आणि तिथून तुमच्या भावकीत.

हाऊसमधून पास झालं तरी सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला शंभरपैकी साठ मतं लागतात. कुठल्याही पक्षाकडे साठ नाहीयेत. अपवाद बजेटच्या बिलाचा, त्याला साधं बहुमत पुरतं, म्हणून तर २०२५ चं ते मोठं बिल निघालं. सिनेटमध्ये ५०-५० झालं, उपाध्यक्ष व्हान्सनी एक मत टाकलं, हाऊसमध्ये २१८ विरुद्ध २१४, आणि ४ जुलैला ट्रम्पनी सही केली. कॉलेजांवरचा कर, लोनच्या मर्यादा, पैसे पाठवण्यावरचा टॅक्स हे सगळं त्या एकाच कायद्यातलं आहे, ते बिल नाही, ते झालेलं आहे. ग्रुपवाल्यांनी झालेलं आणि न झालेलं एकाच पातेल्यात ढवळलंय.

पैसे पाठवण्याचं तेवढं सांगून टाकतो कारण त्यावरून आमच्याकडे मंडळात पण हाणामारी व्हायची बाकी होती. हाऊसने साडेतीन टक्के लावला होता, सिनेटमध्ये तो एक टक्का झाला आणि तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर, कॅशियर चेक देऊन पाठवलं तरच. बँक खात्यातून किंवा अमेरिकन डेबिट कार्डावरून पाठवलं तर काही नाही. तुमचा पोरगा काय बॅगेत रोख घेऊन दुकानात जाणारे का? तो विषय सोडा.

ओपीटीवाला_डॅलस

काका मी स्वतः सध्या ओपीटीवर आहे, मूळचा कराडचा, त्यामुळे टॅक्सवाल्या बिलाचं मी सांगतो कारण ते माझ्या थेट खिशाचं आहे.

इथे पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे १.४५ टक्के कापतात, मिळून ७.६५, सगळे त्याला फायका म्हणतात. कंपनीला पण तेवढेच वेगळे भरावे लागतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा लागत नाही. कॅलेंडर वर्षं बरं का, म्हणजे तुमचा मुलगा ऑगस्ट २०२६ ला उतरला तरी २०२६ हे अख्खं वर्ष धरलं जातं, मग २०२६ ते २०३० सूट आणि जानेवारी २०३१ पासून कपात. दोन वर्षांचं एमएस करून २०२८ च्या मे-जूनला नोकरी लागली तर अडीचेक वर्षं सूट मिळते.

सिनेटर टॉम कॉटन यांचं बिल म्हणतं की ओपीटीवाल्यांची ही सूट काढा. त्यांचा मुद्दा असा की कंपनीला अमेरिकन पोरापेक्षा आपलं पोर स्वस्त पडतं. खोटं नाहीये ते, हिशेबाने बघितलं तर पडतंच. ८० हजार डॉलर पगार धरा, ७.६५ टक्के म्हणजे वर्षाला ६,१२० डॉलर माझे आणि तेवढेच कंपनीचे. पास झालं तर महिन्याला पाचशेचा फटका, दुखेल पण त्याने कोणाचं घर जाणार नाही.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला इथे साधारण दहा वर्षं काम लागतं, आणि भारत-अमेरिकेत त्याबद्दल करारच नाहीये, त्यामुळे सहा-सात वर्षं भरून माणूस परत गेला तर ते पैसे गेले. जर्मनी, जपान, कोरियावाल्यांचा करार आहे, त्यांची वर्षं तिकडे मोजली जातात. आपले एच-१बीवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे, वर्षानुवर्षं भरतायत. ह्यावर कोणी मेसेज फॉरवर्ड करत नाही.

आणि गंमत बघा, जुलै २०२५ ला सालाझार आणि एस्कोबार या दोन खासदार बायकांनी, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट, डिग्निटी ॲक्ट नावाचं बिल आणलंय त्यात पण ही फायकाची सूट काढायचं आहे, पण त्याच बिलात असंही आहे की स्टुडंट व्हिसा मागताना मी नक्की परत जाणार हे सिद्ध करायची गरज राहणार नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये धडाधड रिजेक्ट होतात तोच प्रश्न निघून जाईल. हे बिल पण पडूनच आहे म्हणा. पण ग्रुपवर ह्यातलं फक्त टॅक्सचं वाक्य येतं.

वर्धा_रोड

सगळे बिल बिल करून राहिले पण धोका तिथं नाहीच न भाऊ.

ओपीटी हे काँग्रेसने केलेल्या कायद्यात लिहिलेलंच नाही. ते होमलँड सिक्युरिटीच्या नियमातून चालतं. बारा महिने सगळ्यांना, आणि स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना, वरचे चोवीस महिने. २००८ मध्ये बुशच्या काळात ते वरचे सतरा होते, २०१६ ला ओबामाच्या काळात चोवीस केले. दोन्ही वेळेस बिल नव्हतं, नियम होता. अमेरिकन टेक कामगारांची एक संघटना कोर्टात गेली होती की हा नियम करायचा अधिकारच नाही तुम्हाला, अपील कोर्टाने २०२२ ला सरकारच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला ऐकायला नकार दिला. तेव्हा आपले लोक खुश झाले. पण त्याचा उलटा अर्थ कोणी घेतला नाही, की जो नियम खात्याला करता येते तो खात्याला काढता पण येते. त्याला साठ मतं लागत नाहीत.

आणि इमिग्रेशन खात्याचा सध्याचा डायरेक्टर एडलो, त्याने नेमणुकीच्या आधी सिनेटसमोर सरळ सांगितलं होतं मे २०२५ मध्ये की शिक्षण संपल्यावर काम करायची परवानगी काढायची त्याची इच्छा आहे. इच्छा झाली म्हणून उद्या सकाळी बंद होत नाही, आधी प्रस्ताव छापावा लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागते, मग अंतिम नियम, मग कोर्टकचेरी, वेळ जातो त्यात. पण काका तुमचा पोरगा पास होईल २०२८ ला. तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अजून एक प्रस्ताव आलाच आहे. आतापर्यंत एफ-१ वाल्याला शिक्षण चालू आहे तोवर राहता येत होतं, तारीख नव्हती. प्रस्तावात म्हणते जास्तीत जास्त चार वर्षं, पुढे पाहिजे तर अर्ज करा, आणि शिक्षण संपल्यावरचे साठ दिवस पण तीसवर. मास्टर्सवाल्याला चार वर्षं पुरते पण पीएचडीवाल्याचं काय, सहा वर्षं लागते त्याला.

आणि एच-१बीची एक लाख डॉलर फी आठवते न? सप्टेंबर २०२५. ना बिल, ना नियम. राष्ट्राध्यक्षाची एक सही. शुक्रवारी सही झाली अन् शनिवारी लोकं विमानातून उतरून राहिले होते.

मिरजकर७२

भाऊ तुम्ही तर झोपच उडवली. काकांचं वाचून जरा बरं वाटत होतं.

युनिव्हर्सिटीवरच्या कराचं कोणी सांगेल का? त्यामुळे फी वाढेल किंवा स्कॉलरशिप जाईल असं आहे का काही? पोराला पहिल्या सेमिस्टरला हजार डॉलरची स्कॉलरशिप दिलीय त्यांनी आणि त्यामुळे तिकडच्या रहिवाशांच्या दरात फी लागणार आहे असं तो म्हणतो, ते गेलं तर हिशेबच कोलमडतो.

मंजिरी_बॉस्टन

हे माझ्या कामाचं आहे, मी इथे एका खाजगी युनिव्हर्सिटीच्या अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे गेलं वर्ष आमचं ह्याच्यातच गेलं.

दादा, तो कर सगळ्या कॉलेजांवर नाहीये. श्रीमंत खाजगी युनिव्हर्सिट्यांकडे देणग्यांचा जो मोठा फंड असतो, त्याच्या गुंतवणुकीवर वर्षाला जे उत्पन्न मिळतं त्यावर तो आहे. २०१७ च्या कायद्यात सरसकट १.४ टक्के होता. आता फंड भागिले विद्यार्थी असा आकडा काढायचा, एका विद्यार्थ्यामागे पाच लाख ते साडेसात लाख डॉलर येत असतील तर १.४, साडेसात लाख ते वीस लाखापर्यंत ४, आणि त्याच्या वर ८ टक्के. येल, प्रिन्स्टन, एमआयटी हे त्या आठवाल्यात. आणि तीन हजारांपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या छोट्या कॉलेजांना माफ, आधी ही मर्यादा पाचशेची होती.

सरकारी युनिव्हर्सिटीला हा कर लागूच नाही. तुमच्या मुलाची टेक्सासची सरकारी आहे ना, मग संपला विषय. ती हजार डॉलरची स्कॉलरशिप आणि त्यावर मिळणारी रहिवासी फी हा टेक्सासच्या राज्याच्या नियमातला प्रकार आहे, त्याचा वॉशिंग्टनशी संबंध नाही. मात्र ती दरवर्षी मिळेलच असं धरू नका, पत्रात एका वर्षासाठी म्हटलंय का पूर्ण कोर्ससाठी ते वाचा. नूतनीकरणाला किती जीपीए लागतो तेही त्यातच असतं. फी वाढेल का ते ग्रुपवर नाही, ह्या पत्रात कळेल.

हाऊसमधून जे बिल पास होऊन आलं होतं ना मे २०२५ मध्ये, त्यात वरचा दर २१ टक्के होता. आणि त्यात एक खुबी होती जी पेपरवाल्यांनी फारशी उचलली नाही. भागाकार करताना विद्यार्थी फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवालेच मोजायचे, बाहेरचे धरायचे नाहीत. म्हणजे ज्या युनिव्हर्सिटीत बाहेरची मुलं जास्त तिचा भाजक लहान, दरडोई आकडा फुगणार आणि ती वरच्या टप्प्यात जाणार. बाहेरचं मूल घेतलं की कर वाढतो, असं सरळ गणित. आमच्या ऑफिसात तेव्हा दोन कॉलमचं शीट केलं होतं, एका कॉलममध्ये सगळी मुलं आणि दुसऱ्यात परदेशी वगळून, आणि दुसरा कॉलम बघून आमच्या बॉसने चहाचा कप तसाच ठेवला. सिनेटमध्ये ती अट गळाली आणि २१ चे ८ झाले. म्हणून मी म्हणते की हाऊसमध्ये पास झालेल्या मसुद्यावरून पण ठरवू नका.

फक्त पीएचडीवाल्यांनी सावध राहा. खाजगी मोठ्या ठिकाणी खर्चाला कात्री लागली की आधी पीएचडीच्या जागा कमी होतात, कारण त्या मुलांना युनिव्हर्सिटी स्वतः पोसते. एमएसची मुलं फी भरतात, त्यांना कोण नाही म्हणेल.

शुभांगी_न्यूजर्सी

मी जरा वेगळं विचारते, धागा हायजॅक करायचा नाहीये. आमची मुलगी इथेच जन्मलेली, तिला फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला जायचंय २०२६ च्या ऑगस्टला. लोनचं जे बदललंय त्याने आमचीच गोची झालीय. काकांनी लोनच्या मर्यादा असं एका शब्दात संपवलं, इथल्या आईबापांना विचारा.

एडिसनवाले_काका

शुभांगीताई, खरंय, मी मिरजकरांपुरतं बोलत होतो. त्यांच्या मुलाला अमेरिकन सरकारचं लोन मुळात मिळतच नाही त्यामुळे त्यांना हे लागू नाही. इथल्या पोरांना लागू आहे आणि जोरात आहे.

आतापर्यंत ग्रॅड प्लस नावाचं लोन होतं, कॉलेज जेवढा खर्च सांगेल तेवढं सगळं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने लोन घेणाऱ्यांना ते बंद. आता साध्या मास्टर्सला किंवा पीएचडीला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख. प्रोफेशनल डिग्रीला वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख. आईबापांच्या नावाचं जे पेरेंट प्लस असतं, ते पदवीच्या मुलांसाठी, त्यालाही वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा.

आता प्रोफेशनल कशाला म्हणायचं ह्यावर सगळं अडलंय. शिक्षण खात्याच्या कमिटीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जी यादी धरली त्यात डॉक्टर, डेंटिस्ट, वकील, फार्मसी, जनावरांचे डॉक्टर, इतकंच काय धर्मशास्त्र पण आहे, पण नर्सिंग, फिजिओथेरपी आणि तुमचं फिजिशियन असिस्टंट नाही. पाद्री प्रोफेशनल आणि नर्स नाही, आता बोला. तर तुम्ही २०,५०० धरूनच हिशेब करा, उरलेलं खाजगी बँकेचं आणि त्याला तुमची सही लागणार. जी मुलं ३० जून २०२६ च्या आधीपासून कोर्समध्ये आहेत आणि त्या कोर्ससाठी लोन घेतलंय त्यांना जुन्या नियमाने तीन वर्षांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे उन्हाळ्यातच सुरू होणारा कोर्स मिळतो का ते एकदा बघा, काही कॉलेजांचे मे-जूनला सुरू होतात.

वर्धा_रोड

काका मिरजकर, मी भीती घालायला नाही लिहिलं. माझं म्हणणं एवढंच की ओपीटीची तीन वर्षं मिळणारच असं धरून घर तारण ठेवू नका. कागद घ्या अन् तीन ओळी लिहा. तीन वर्षं मिळाली तर काय, एकच वर्ष मिळालं तर काय, शून्य मिळालं तर काय. ४५ लाख दहा टक्क्याने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता साठ हजाराच्या आसपास बसते, पंधरा वर्षं घेतली तर अठ्ठेचाळीसच्या वर, अन् कोर्स चालू असतानाचं व्याज चढते ते वेगळं. शून्यवाल्या ओळीत पोरगा पुण्यात परत येऊन तो हप्ता देऊ शकते का? आता त्याला किती पगार आहे?

मिरजकर७२

आत्ता हातात पंचावन्न येतात. एमएस करून परत आला तर लाखाच्या पुढं मिळंल असं तो म्हणतो, मिळंल का ते देवाला माहीत. वर्कशॉपमधून मी वीस-पंचवीस हजार हप्त्याला लावू शकतो, त्याच्या वर नाही. म्हणजे शून्यवाल्या ओळीत ओढाताण होणार पण घर वाचतंय असं दिसतंय. पंधरा वर्षांचंच घ्यावं लागेल.

मेव्हण्याला काकांचं ते पंधरा हजार बिलांचं वाचून दाखवलं, तो म्हणाला मग एवढी बिलं मांडतातच कशाला.

एडिसनवाले_काका

पुढच्या निवडणुकीत मतदारसंघात सांगायला की मी मांडलं होतं! मेव्हण्याला म्हणावं आपल्याकडे खाजगी विधेयकं का मांडतात ते आधी सांग.

साहेब, मुलाला सांगा की ग्रुपवर बिलाचं नाव आलं की काँग्रेसच्या सरकारी वेबसाईटवर टाकून बघायचं, वरती एक पट्टी असते, मांडलं, हाऊसमध्ये पास, सिनेटमध्ये पास, राष्ट्राध्यक्षाकडे, कायदा झाला. पहिल्याच घरात अडकलेलं असेल तर झोपून जा. आणि नियमांचे प्रस्ताव फेडरल रजिस्टर नावाच्या सरकारी गॅझेटमध्ये येतात, वर्धेच्या भाऊंनी सांगितलेलं सगळं तिथेच दिसेल. मी असतो तर पाठवलं असतं, पण माझं घर तारण नाहीये त्यामुळे माझ्या बोलण्याला तेवढंच वजन द्या.

कोथरूडची_आई

मधेच विचारते, माझी लेक ओपीटीवर आहे, तिसरंच वर्ष तिचं तिकडे, आणि तिच्या पगारातून हा फायका कापलाय गेले चार महिने! वरचं वाचून आत्ता कळलं की कापायला नको होता. कंपनी लहान आहे, तिथे बाहेरची ही एकटीच.

ओपीटीवाला_डॅलस

काकू, लहान कंपन्यांत होतं असं, पेरोलवाल्याला माहीतच नसतं. तिला आधी एचआरला मेल करायला सांगा, पासपोर्ट, आय-२० (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद), ओपीटी कार्ड आणि पहिल्यांदा कधी आली ती तारीख जोडून, की मी अजून टॅक्ससाठी नॉन-रेसिडेंट आहे, कापलेलं परत द्या. बहुतेक वेळा कंपनीच पुढच्या पगारात देते, कारण त्यांचा पण तेवढाच हिस्सा अडकलेला असतो. नाहीच म्हणाले तर तसं लेखी घ्यायचं आणि टॅक्स खात्याकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ दोन्ही पोस्टाने पाठवायचे, सोबत पे-स्लिपा. वेळ लागतो त्याला, बरेच महिने, पण येतात पैसे.